यादीबाहेरचं नाव

नऊ महिन्यांत फिंटनला भेटायला कुणी फिरकलं नव्हतं, आणि आले ते एकदम तिघं आले.

"दोनशे बारा! भेट आहे!" वॉर्डर मॅगीनं बुटांच्या खोलीच्या दारातून आवाज दिला, तेव्हा फिंटनच्या मांडीवर कुणा शेतकऱ्याच्या बुटाचा अर्धवट शिवलेला तळवा होता. एरवी तो आकड्याला ओ देत नसे. आज आरी हातात तशीच धरून उठला आणि दारापर्यंत गेला.

"ती ठेव आधी," मॅगी म्हणाला. "आईला भोसकायला चाललायस का?"

आई आली होती तर. फिंटन मागं फिरला, आरी ठेवली, हाताचं मेण विजारीला पुसलं. शेजारच्या बाकावरून पॅट्सीनं डोळा मारला. पॅट्सी लिमरिकचा खिसेकापू. वय सोळा, बोटं लोण्यासारखी. "खायला काही आणलं असेल तर अर्धं माझं," तो म्हणाला. "नाहीतर मी ते काढून घेईनच, तुला कळणारसुद्धा नाही."

सुधारगृहात असली पोरं शंभरावर होती. खिसेकापू, कोंबडीचोर, जत्रेत घोड्यांच्या शेपट्या कापून विकणारे. आणि बंडखोर म्हणवणारे तिघं. त्यातले दोन केरीचे, पोलीस चौकी जाळताना सापडलेले. तिसरा फिंटन. पहिल्याच दिवशी केरीवाल्यांनी विचारलं होतं, "तू कुणाच्या कंपनीतला?" फिंटन म्हणाला होता, "मी कॉर्मॅक क्रीडनचा भाऊ." तेवढं पुरलं. त्यांनी बाकावर सरकून जागा दिली.

मग फिंटननं ती जागा राखायला काय नाही केलं! वॉर्डरला 'सर' म्हटलं नाही. राजाचं गाणं लागलं की मांडी घालून खाली बसला. दहा दिवस अंधारकोठडीत पाव-पाण्यावर काढले आणि बाहेर येऊन पुन्हा बसला. पण कागदोपत्री तो होता सायकलचोर. पोस्टमनची सायकल पळवताना पकडलेला, तीन वर्षांची शिक्षा. पोरं चिडवत, "आयर्लंडचं स्वातंत्र्य दोन चाकांवर बसून येणार म्हणे! हवा भरलीय ना रे फिंटन?" तो दात आवळून गप्प बसे. सायकल कशासाठी पळवली हे त्यानं मार खाऊनही कोर्टात सांगितलं नव्हतं, इथंही सांगितलं नव्हतं. ते गुपित त्याची एकुलती एक मिळकत होती. आपण तोंड उघडलं नाही म्हणून आपला भाऊ आज बाहेर आहे, या एका विचारावर तो रात्री झोपत असे.

आणि तरीही त्या भावाचं नाव घेतल्याशिवाय आपल्याला बाकावर जागा मिळाली नाही, हेही तो विसरला नव्हता.

*

भेटीच्या खोलीत लांब टेबल होतं. पलीकडे आई, मधे अ‍ॅबिना मावशी, आणि टोकाला, खुर्ची जरा मागं ओढून, कॉर्मॅक. मॅगी दाराशी स्टुलावर बसला होता आणि त्याच्या मांडीवर मावशीनं आणलेला मनुकांचा गोड पाव होता. आत काही लपवलं नाही ना, हे बघायला त्यानं सुरीनं त्याचे चार तुकडे केले होते.

"अंगठी सापडली का हो साहेब?" मावशी विचारत होती. हॅलोविन तीन दिवसांवर आलं होतं, आणि त्या दिवसाच्या पावात अंगठी घालायची ती घालायचीच. "ज्याला सापडेल त्याचं वर्षात लग्न. तुम्हाला सापडली तर मी आहेच, बघा. दोनदा विधवा झालेय, अनुभवी आहे."

मॅगी हसला. बत्तीस वर्षांच्या नोकरीत त्याला मावशीसारखी बाई भेटली नसावी.

आईनं फिंटनचे दोन्ही हात धरले आणि उलटेसुलटे करून पाहिले. "केवढा उंच झालास. आणि ही बोटं? चांभाराची झालीत रे."

"बूट शिवतो मी, आई."

"सरळ शिवतोस का?"

"पॅट्सी माझ्यापेक्षा सरळ शिवतो," फिंटन म्हणाला, आणि बोलल्यावर त्याला जाणवलं की हे सांगतानाही आपण जळतोय. ही त्याची जन्माची खोड. शिकवणारे स्टोक्स मास्तर युद्धात दोन बोटं गमावून आलेले इंग्रज होते. पॅट्सीचा टाका पाहून ते नुसतं 'हं' म्हणाले, तर ते 'हं' फिंटन आठवडाभर चघळत बसे.

त्यानं कॉर्मॅककडे पाहिलं. भाऊ वाळला होता. कोटाच्या बाहीचं अस्तर लोंबत होतं. कॉर्मॅक नेहमी टापटीप असायचा.

"काय कॅप्टन," फिंटन हळू आवाजात म्हणाला, "तिकडे तहाची बोलणी चाललीत म्हणे. लोक तुझ्यावर गाणी करत असतील."

"गाणी!" मावशी फिस्कन हसली. "अरे, याला आता कुत्रं विचारत नाही. काढून टाकलं त्याला. वसंतातच. आता हा सगळ्यात मागच्या रांगेत उभा राहतो, आणि गल्लीतल्या बायका याला बघून दार लावतात. विचार त्याला काय दिवे लावले ते. आम्हाला तर सांगत नाही."

"अ‍ॅबी," आई म्हणाली.

"अ‍ॅबी काय? नऊ महिने मी तुझ्या घरातली शांतता ऐकतेय, हॅना. माझे कान किटले."

त्या क्षणी फिंटनच्या मनात जे आलं, त्याची त्याला पुढं कित्येक वर्षं लाज वाटली. त्याला बरं वाटलं. उन्हात बसल्यासारखं बरं वाटलं. जन्मभर ज्याच्या सावलीत उभं राहिलो, त्याची सावली आखूड झाली होती.

जन्मभर म्हणजे अगदी जन्मभर. क्रीडन मंडळी पिढीजात पिंपं करणारी. कॉर्कच्या बाजारातलं लोणी ज्या पिंपांतून समुद्रापार जाई, ती त्यांच्या हातची. हा धंदा बाप मुलालाच शिकवतो, परक्याला नाही. बाबांनी कॉर्मॅकला शिकवलं. फिंटनची पाळी यायच्या आत बाबा तापाच्या साथीत गेले. फिंटन चौदा वर्षांचा होता, हात शिवशिवत होते. कॉर्मॅक आता मला घेईल, म्हणून तो वाट पाहत राहिला. कॉर्मॅकनं घेतलं ते टाइग हर्लीला. शेजारच्या घरातला, गाडीवानाचा मुलगा! त्याच्यासाठी कॉर्मॅक सगळ्या कारागिरांशी भांडला, नियम वाकवला. पुढं बंडात उतरला तेव्हाही बरोबर टाइगच. दोघं एका ताटात जेवत, एकमेकांचं वाक्य पूर्ण करत, आणि फिंटन आत आला की गप्प होत. "तू पुस्तकं वाच," कॉर्मॅक म्हणे. "तू आईजवळ राहा."

"टाइग कसा आहे?" फिंटननं आता विचारलं. आवाजात जरा विष होतं. "त्यालाही मागच्या रांगेत उभं केलं का?"

आईनं मान खाली घातली. मावशीनं पटकन पिशवीतून एक घडी घातलेला कागद काढला आणि टेबलावर सपाट केला.

"आधी कामाचं बोलू," ती म्हणाली. "वेळ अर्धा तास. साहेब, हा कागद उघड आहे हं, वाटल्यास वाचा."

मॅगीनं हात हलवला. कैद्यांच्या याद्या दोन्ही बाजू करत होत्या, त्यात लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मावशी सांगू लागली. तह झाला की बंडासाठी आत गेलेल्यांना सोडणार. पण यादीत नाव हवं. सायकलचोराला कोण सोडणार? फिंटननं कधी शपथ घेतलेली नव्हती, कुठल्याच वहीत त्याचं नाव नव्हतं. नवा कॅप्टन म्हणाला होता, त्या दिवशी तो पोरगा आपल्या हुकमावरून निघाला होता असं कॉर्मॅकनं लिहून द्यावं, मी नाव घालतो. कागद आठ दिवस घरात पडून होता.

"आणि हा सही करत नाही!" मावशीनं कॉर्मॅककडे बोट केलं. "सख्ख्या भावासाठी! म्हणतो, आधी त्याला भेटू दे."

"कॉर्मॅक, कर रे सही," आई म्हणाली. ती हे वाक्य वाटेत शंभरदा म्हणाली असावी, इतकं ते झिजलेलं होतं. "नाताळला दोघं घरी असाल."

कॉर्मॅकनं खुर्ची पुढं ओढली. इतका वेळ तो फिंटनच्या हातांकडेच बघत होता. आता त्यानं डोळ्यांत पाहिलं.

"फळ्या तासायचा बाबांचा लहान वाकस आठवतो तुला?" तो म्हणाला. "भिंतीतल्या सैल विटेमागं ठेवायचो आम्ही. पिंपांच्या फळ्यांआड."

त्या विटेमागं वाकस कधीच नव्हता. तिथं एक पिस्तूल होतं, तेलकट फडक्यात गुंडाळलेलं. दाराशी मॅगी गोड पाव चावत बसला होता.

"आठवतो," तो म्हणाला.

"त्या दिवशी तो टाइगनं घ्यायचा होता. आम्ही चौघं आत कामाला बसणार, आणि त्यानं वाकस घेऊन दाराशी थांबायचं, असं ठरलं होतं. त्यानं विटेमागं हात घातला. वाकस नव्हता."

"मग?"

"मग काय? आम्हाला येऊन सांगायला वेळ नव्हता. दार सोडलं असतं तर दाराशी कुणीच नसतं. तो तसाच जाऊन उभा राहिला. रिकाम्या हातानं."

फिंटनला ती सकाळ लख्ख दिसली. पहाटे त्यानं वीट काढली होती. टाइगच्या आधी आपण दाराशी जाऊन उभं राहायचं, आणि कॉर्मॅक आला की म्हणायचं, बघ, मीसुद्धा करू शकतो. चालत उशीर झाला असता म्हणून पोस्टमनची सायकल. पुलावर अचानक सैनिकांची गाडी दिसली, आणि फडक्यासकट ते सगळं त्यानं नदीत टाकलं. मग सायकलवरून ओढून काढणारे हात. त्यानं तोंड उघडलं नाही. तिथंच त्याच्या लेखी गोष्ट संपली होती, आणि त्या गोष्टीत तो शूर होता.

"पाहुणे आले," कॉर्मॅक सांगत होता. "लॉरी भरून. टाइगनं हाक मारली. पळू शकला असता, गल्ली मोकळी होती मागची. पण हाक मारायला थांबला. आम्ही चौघं छपरावरून निघालो."

"आणि तो?"

"फिंटन," आई म्हणाली, "टाइग गेला रे. फेब्रुवारीतच. मी लिहिलं होतं तुला."

फिंटनला मार्चमधलं पत्र आठवलं. त्याच्या सहा ओळींवर इथल्या कार्यालयानं काळी शाई फासली होती.

त्याला रडू यायला हवं होतं. आलं नाही. जे आलं ते हेवाच होता, जुना, ओळखीचा, पण आता त्याला तळ नव्हता. टाइग दाराशी रिकाम्या हातानं उभा राहिला आणि त्यानं चौघांना वाचवलं. जिवंत असता तर कधीतरी भांडला असता, चुकला असता, कॉर्मॅकच्या मनातून उतरला असता. आता तो कधीच उतरणार नव्हता. आपला भाऊ आता कायम टाइगचाच राहणार होता. हे मनात आलं आणि फिंटनला स्वतःची किळस आली. त्यानं टेबलाची कड घट्ट धरली.

"पण कुठला वाकस?" आई मधेच म्हणाली. ती गोंधळून दोघांकडे बघत होती. "बाबांचा लहान वाकस ना? तो तर माझ्या स्वयंपाकघरात आहे. मी त्यानं चुलीची लाकडं फोडते."

आईच्या चेहऱ्यावरचा गोंधळ हळूहळू गेला आणि त्याच्या जागी जे आलं, ते फिंटननं बाबांच्या मयतीलाही पाहिलं नव्हतं. तिनं त्याचे हात सोडले.

मॅगीनं मान वर केली. "काय झालं?"

"काही नाही हो," मावशी झटकन उठली. "लोणी आणायचं विसरले. कोरडा पाव घशाखाली उतरतोय का तुमच्या? थांबा, मुरंबा आहे." ती बरणी घेऊन दाराशी गेली, मोठमोठ्यानं बोलत राहिली. परत आली तेव्हा आईच्या शेजारी बसली नाही. खुर्ची उचलून कॉर्मॅकच्या बाजूला ठेवली आणि त्याच्या लोंबत्या अस्तरावर हात ठेवून बसली. नऊ महिने त्याला टाकून बोलणारी बाई. कॉर्मॅकनं हात काढून घेतला नाही.

"लोकांनी विचारलं असेल," फिंटन म्हणाला. "वाकस कुठं गेला म्हणून."

"विचारलं. मी सांगितलं, आदल्या रात्री मीच जागा बदलली आणि टाइगला सांगायला विसरलो."

आता फिंटनला कळलं, मागची रांग कशामुळं, बायका दारं कशाला लावतात.

"माझ्यासाठी केलंस?"

"तुझ्यासाठी?" कॉर्मॅक हसला, पण ते हसणं पाहवत नव्हतं. "आईसाठी. खरं कळलं असतं तर तू कॉर्कमध्ये पाय ठेवू शकला नसतास. आपल्या घरात सगळ्यांनी सगळं फिंटनला सांभाळण्यासाठीच करायचं असतं. बाबा जाताना मला काय म्हणाले माहितीय? धाकट्याकडे बघ. माझ्याकडे कुणी बघायचं, ते नाही सांगितलं. रोज रात्री ही जपमाळ घेऊन बसते, पहिलं नाव तुझं. पहिलं, मधलं आणि शेवटचं. मी समोर बसलेला असतो."

"मग मला का घेतलं नाहीस?" फिंटनचा आवाज फुटला. "टाइगला घेतलंस. परक्याला! मला धंदा शिकवला असतास तर—"

"मी सांगितलं होतं त्याला," आई म्हणाली.

दोघंही तिच्याकडे वळले.

"मीच. तुझे बाबा गेले त्या आठवड्यात. याला पिंपांत घालू नकोस, बंडात घालू नकोस, याला शिकू दे, कारकून होऊ दे, एक तरी मला म्हातारपणी पुरायला उरू दे, असं म्हटलं मी. वचन घेतलं. कॉर्मॅकला तू हवा होतास. महिनाभर भांडला माझ्याशी." तिनं डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. "तुझा राग टाइगवर निघाला. खरा तो माझ्यावर निघायला हवा होता."

बाहेर अंगणात शिट्टी झाली. मॅगीनं बोटांवरचा मुरंबा चाटत घड्याळ पाहिलं. "पाच मिनिटं."

कॉर्मॅकनं कागद स्वतःकडे ओढला आणि खिशातून पेन्सिल काढली. "मी बघायला आलो होतो की टाइगचं तुला माहीत होतं का," तो म्हणाला. "माहीत असून तू गप्प बसला असतास तर सही केली नसती. तुला माहीत नव्हतं. ठीक आहे. करतो." पेन्सिल कागदावर टेकली. "पण घरी आलास की रोज हर्लींच्या दारावरून जावं लागेल. टाइगची आई पायरीवर बसलेली असते. मला बघून थुंकते. तुला बघून हसेल, चौकशी करेल. ते तुझं तू निभाव."

फिंटननं कागद उलटा वाचला. 'माझ्या हुकमानुसार कर्तव्यावर असताना.' नाताळ आठ आठवड्यांवर होता. घर, आईचं ताट, नदीचा वास. केरीवाले सुटतील, आणि त्यांच्याबरोबर मान वर करून आपणही दारातून बाहेर पडू. नऊ महिने त्यानं ह्याशिवाय दुसरं काही मागितलं नव्हतं. त्यानं हात पुढं केला आणि पेन्सिलीखालून कागद ओढून घेतला. कागदावर एक लांब तिरकी रेघ उमटली.

"मी कर्तव्यावर नव्हतो," तो म्हणाला. "मी सायकल चोरली. कोर्टात लिहिलंय तेच खरं आहे."

"वेडा झालास का!" मावशी ओरडली.

"आई," फिंटन म्हणाला, "मिसेस हर्लीला वाकसाचं सांग. माझं पत्र इथून जाऊ देणार नाहीत. तू सांग."

"नाही," कॉर्मॅक म्हणाला. "आई, नाही. नऊ महिने मी हे उगाच ओढलं का?"

"तू मला काही ओढायला दिलंच नाहीस!" फिंटन उभा राहिला. "ना बाबांचं, ना तुझं, ना हे! निदान माझं स्वतःचं तरी मला दे."

मॅगीही उठला. आई खुर्चीतून हलली नाही. एका मुलाला गल्लीत मान वर करता यावी म्हणून दुसऱ्याला तिनं आपल्या तोंडानं बुडवायचं होतं, आणि तेही शेजारणीच्या स्वयंपाकघरात उभं राहून. तिनं एकदा कॉर्मॅककडे पाहिलं, एकदा फिंटनकडे. हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. जाताना तिनं फिंटनच्या कपाळाला ओठ लावले, ते बर्फासारखे गार होते. कॉर्मॅकनं निरोप घेतला नाही.

*

त्या संध्याकाळी फिंटन केरीवाल्यांच्या बाकावर बसला नाही. उभ्या उभ्या त्यांना सांगितलं, मी तुमच्यातला नव्हतो, मला कुणी पाठवलं नव्हतं. बाकीचंही सांगितलं. थोरला केरीवाला बराच वेळ सूप ढवळत राहिला. मग त्यानं फिंटनचा चमचा उचलला आणि टेबलावरून पलीकडे सरकवला. एवढंच. पुढं दोघं त्याच्याशी एक शब्दही बोलले नाहीत.

पॅट्सीनं सरकून जागा केली. "म्हणजे तू खरंच सायकलचोर? मग नऊ महिने आमच्यात बसायला लाजत काय होतास? आणि तो पाव कुठाय?"

"वॉर्डरनं खाल्ला."

"सगळा? आणि मला चोर म्हणतात."

डिसेंबरात तहावर सह्या झाल्या. जानेवारीत केरीवाले सुटले. फाटकाशी बँड होता, निशाण होतं, पोरी होत्या. फिंटन खिडकीतून बघत होता, आणि खरं सांगायचं तर जळत होता. माणूस एका दुपारीत बदलत नाही. पण मग तो जाऊन बाकावर बसला आणि पॅट्सीनं अर्धवट टाकलेल्या बुटाची टाच लावून दिली. संध्याकाळी स्टोक्स मास्तरांनी बूट उचलून पाहिला आणि 'हं' म्हणाले. बूट पॅट्सीचा समजून म्हणाले. फिंटननं ते तसंच राहू दिलं.

घरून पत्र आलं नाही. नाताळचंही नाही.

मार्चमध्ये एका वाऱ्याच्या दुपारी मॅगीनं पुन्हा हाक दिली. मॅगीच्या टोपीवरचा राजाचा बिल्ला निघाला होता, नवा अजून आला नव्हता. टोपीवर नुसतं एक भोक होतं. "क्रीडन," तो म्हणाला. आकडे बंद झाले होते. "एक बाई आहेत."

आई नव्हती. टेबलापलीकडे काळी शाल घेतलेली एक लहानखुरी बाई बसली होती, आणि तिनं हात शालीत ठेवले होते. फिंटन दारातच थबकला.

"बस," मिसेस हर्ली म्हणाली.

तो बसला.

"तुझी आई नाताळच्या आधी आली होती. बस म्हटलं तरी बसली नाही. उभ्यानं सगळं बोलली आणि गेली. मी दोन महिने घरात फिरत होते. मग कॉर्मॅकला बोलावलं. वर्षभर थुंकले मी त्याच्यावर. त्यानं एकदाही मान वळवली नव्हती. आता रविवारी येतो. टाइगच्या खुर्चीवर बसत नाही, खिडकीत बसतो."

फिंटनला काहीतरी म्हणायचं होतं. नऊ-दहा वाक्यं त्यानं रात्री जागून तयार केली होती. एकही आठवलं नाही.

"मला एकच विचारायचंय," ती म्हणाली. "म्हणून दोन गाड्या बदलून आले. त्याच्यावर एवढा जळायचास?"

"हो."

"कशासाठी? गाडीवानाचा पोर. त्याच्याकडे होतं काय?"

"कॉर्मॅक त्याच्याशी बोलायचा," फिंटन म्हणाला. "मी आत आलो की गप्प व्हायचा."

मग तिच्या तोंडाचा कोपरा वाकडा झाला. हसू होतं की रडू, ते त्याला कळलं नाही.

"अरे, तू नसताना तो बोलायचा ते तुझंच. फिंटनला लॅटिन येतं, फिंटनचं अक्षर बघ, फिंटन आमच्या घराचं नाव काढणार. माझा टाइग घरी येऊन आदळआपट करायचा. म्हणायचा, आई, मी त्याच्यासाठी जीव टाकला तरी त्याला भाऊ एकच." तिनं शाल सारखी केली. "तुझ्यावर जळायचा तो."

वाऱ्यानं खिडकीची काच थरथरली. फिंटननं तोंडावर हात धरला आणि ऑक्टोबरात याच टेबलाशी जे रडू आलं नव्हतं, ते आलं. मॅगीनं तोंड फिरवलं. मिसेस हर्लीनं त्याला थांबवलं नाही, समजावलंही नाही. तो थांबेपर्यंत ती बसून राहिली.

"मी माफ करायला आलेली नाही," ती उठत म्हणाली. "तू कधी सुटणार?"

"एकोणिसावं संपल्यावर."

"टाइग एकवीसचा होता." तिनं मनाशी काहीतरी जुळवलं. "तू बावीसचा झालास की ये. त्याच्यापेक्षा मोठा होऊन ये, म्हणजे तुझ्याकडे बघताना मला तो दिसणार नाही. त्याच्या आधी माझ्या पायरीवर पाऊल ठेवू नकोस."

"नाही ठेवणार."

"आणि आलास की पुढच्या दारानं ये," मिसेस हर्ली म्हणाली. "सगळ्यांसमोर."